धाप लागते म्हणून चालणे सोडू नका

"डॉक्टर, बसल्या जागी काही नाही. पण चार पायऱ्या चढले की श्वास आतच जात नाही," एक आजी सांगत होत्या. बिडी-तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नाही; मात्र चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी फुंकली. सोबतचा मुलगा म्हणाला, "आईला आता खाटेवरून उठूच देत नाही." मुलाची माया खरी, पण उपाय उलटा.

निरोगी माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. श्रम सुरू झाले, की स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो आणि श्वास खोल व जलद होतो. आजींना असलेल्या सी.ओ.पी.डी. या जुनाट विकारात श्वासनलिका अरुंद होतात, फुफ्फुसांची लवचीकता जुन्या रबरासारखी कमी होते. हवा आत जाते; बाहेर पडायला मात्र वेळ लागतो. बसलेले असताना तेवढा वेळ मिळतो. चढताना श्वास मिनिटाला तीसवर गेला, तर एका श्वासाच्या वाट्याला अवघे दोन सेकंद येतात! जुनी हवा बाहेर पडण्याआधीच नवी आत येते. छाती फुगत जाते आणि पुढच्या श्वासाला जागाच उरत नाही. छातीभर श्वास घ्या, थोडासाच सोडा आणि तशाच भरल्या छातीने दोन-तीन श्वास घेऊन पाहा. (हा प्रयोग निरोगी वाचकांनीच करावा.) म्हणजे आजींची खरी अडचण श्वास आत न जाण्याची नसून बाहेर न पडण्याची होती. अशा वेळी भोवतालची मंडळी "मोठा श्वास घ्या" म्हणतात, ते चुकीचे आहे.

नाकाने दोन आकडे मोजत श्वास घ्यावा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ करून चार आकडे मोजत सावकाश सोडावा. पायरी चढणे, बादली उचलणे हे श्वास सोडताना करावे. धाप लागलीच, तर गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकावे. डॉक्टरांनी दिलेला पंप नियमित घ्यावा; त्याची "सवय लागते" ही भीती निराधार आहे.

आता खाटेविषयी. पडून राहिल्याने पायांचे स्नायू रोडावतात. दुबळ्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो, म्हणून धाप वाढते आणि माणूस आणखी बसतो. त्यासाठी सपाट रस्त्यावर रोज थोडे चालावे, चालताना एखादे वाक्य बोलता येईल इतपतच. अर्थात हृदयविकारात आणि रक्त कमी असतानाही धाप लागते, तेव्हा आधी तपासणी हवीच. स्पायरोमेट्री या फुंकण्याच्या तपासणीने हा विकार कळतो. बसल्या जागी धाप, निळसर ओठ किंवा छातीत दुखणे असेल, तर व्यायाम नको. तडक दवाखाना गाठावा.

आजींच्या मुलाने चूल बंद करून गॅस घेतला. झालेले नुकसान भरून येणारे नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. पण तीन महिन्यांनी आजी देवळापर्यंत जाऊ लागल्या. वाटेत एकदा पारावर टेकतात, एवढेच.