पथ्याची पहिली चूल : स्वयंपाक न येणाऱ्या रुग्णास किराणा व कृती कशी सांगावी

आपण रुग्णपत्रिकेच्या तळाशी ‘लघु आहार’, ‘मुगाचे कढण’, ‘पेया-विलेपी क्रमाने’ असे लिहितो, तेव्हा एक गोष्ट गृहीत धरलेली असते. रुग्णाच्या घरी चूल पेटते आणि ती पेटविणाऱ्या व्यक्तीस आपले शब्द समजतात, हे ते गृहीतक होय. एकत्र कुटुंबाच्या काळात ते बहुतांशी खरे होते. आज चिकित्सालयात येणाऱ्यांत खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आहेत, नोकरीनिमित्त परगावी एकटे राहणारे तरुण-तरुणी आहेत, आणि साठी उलटल्यावर पत्नीवियोग झालेले, आयुष्यात कधी भाताचा कुकर न लावलेले गृहस्थही आहेत. यांच्यापैकी अनेकांना पथ्य पाळावयाचे असते. परंतु किराणा दुकानात काय मागावे, इथपासूनच त्यांची अडचण सुरू होते.

प्रस्तुत लेखकाचे डोळे या बाबतीत स्वतःच्याच चुकीने उघडले. विरेचनानंतर संसर्जनक्रमावर असलेला एक तरुण रुग्ण चौथ्या दिवशी पोट फुगल्याची, भूक मेल्याची व अंग जड झाल्याची तक्रार घेऊन आला. पत्रिकेत विलेपीनंतर ‘पातळ खिचडी’ असे आम्हीच लिहिलेले होते. चौकशी करता कळले की, दुकानात बरण्यांत मांडलेल्या डाळींपैकी पांढरीशुभ्र दिसणारी डाळ ‘आजाऱ्याला हीच हलकी असणार’ असे समजून त्याने घेतली होती. ती उडदाची डाळ होती. तिची कुकरमध्ये घट्ट खिचडी शिजवून त्याने दोन्ही वेळ श्रद्धेने खाल्ली. दोष त्याचा नव्हता. आम्ही डाळीचे नाव लिहिले नव्हते. शिवाय भावप्रकाशात कृशरा ही बल्य परंतु गुरू व दुर्जर सांगितली आहे, हे विसरून आपण खिचडीस सरसकट हलकी म्हणत असतो, हा भाग वेगळाच.

तेव्हा आरंभ डाळींपासून करावा. नवख्या माणसास तूर, मूग, हरभरा या तिन्ही सालरहित डाळी ‘पिवळी डाळ’ म्हणूनच दिसतात. त्यास असे सांगावे : मुगाची डाळ सर्वांत लहान, लांबट व फिकट पिवळी, तुरीची त्याहून मोठी, गोल चपटी, हरभऱ्याची सर्वांत जाड व खडबडीत, उडदाची आकाराने मुगासारखी पण पांढरी. ‘मुगाची डाळ, सालाशिवाय, अर्धा किलो’ हे शब्द पत्रिकेवर जसेच्या तसे लिहावेत, म्हणजे रुग्ण ती पत्रिका दुकानदारापुढे धरू शकतो. चिकित्सालयात चार काचेच्या बाटल्यांत या चार डाळी भरून ठेवल्या तर याहून सोपे. आमच्याकडे आता त्या आहेत. आणि सुशिक्षित रुग्णही त्यांच्याकडे किती कुतूहलाने पाहतात, हे पाहून प्रथम हसू येते व मग येत नाही.

तांदळाच्या बाबतीत ‘जुना’ हा शब्द अवश्य लिहावा. वर्षभर जुने धान्य लघु, हा शास्त्रसिद्धान्त दुकानदारासही व्यवहाराने ठाऊक असतो, कारण नवा तांदूळ चिकट व गिचका होतो आणि गिऱ्हाईक परत येऊन तक्रार करते. महाराष्ट्रात पथ्यासाठी जुना कोलम सहज मिळतो. आंबेमोहोर व इंद्रायणी चवीस व सुगंधास उत्तम. तथापि त्यांचा भात मऊ व चिकट होतो, म्हणून कफप्रधान वा मंदाग्नीच्या रुग्णास पहिल्या आठवड्यात ते टाळावेत असे आमचे मत आहे. पेयेसाठी अख्ख्या तांदळाऐवजी तांदळाची कणी मागावी. ती स्वस्त असते व लवकर शिजते. तांदूळ कोरडाच मंद आचेवर किंचित तांबूस होईपर्यंत भाजून घेतला की अधिक लघु होतो. चरकांनी अन्नपानविधीत भृष्ट तांदळाचा विचार केलेला आहेच, आणि ही कृती नवख्या हातासही बिघडवता येत नाही.

एका माणसास आठ दिवसांसाठी एवढे पुरते : अर्धा किलो मूगडाळ, एक किलो तांदूळ, पाव किलो तूप, पन्नास ग्रॅम जिरे, तेवढेच धने, पंचवीस ग्रॅम सुंठ, थोडी हळद, हिंगाची सर्वांत लहान डबी, मीठ, मूठभर आमसुले. यादी लांबली की ती पाळली जात नाही. मसाल्याच्या पाकिटांचा मोह रुग्णास होतो. ‘खिचडी मसाला’ घेऊन आलेले दोन रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

या यादीतील हिंगाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. बाजारात मिळणारा पिवळा वा पांढरा चूर्णरूप हिंग म्हणजे शुद्ध निर्यास नव्हे. तो बांधणी हिंग. मूळ निर्यास इतका उग्र असतो की तो डिंक व पिठात मिसळून विकला जातो, आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. ज्यास गहू पूर्ण वर्ज्य आहे, अशा रुग्णाच्या कढणात आपण ‘चिमूटभर हिंग’ लिहितो तेव्हा चिमूटभर गहूही लिहीत असतो. वेष्टणावरील घटकद्रव्ये वाचावयास सांगावे. तांदळाच्या पिठाचा बांधणी हिंगही मिळतो. आपल्याकडे वापरला जाणारा कच्चा हिंग प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान येथून येतो. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये हिंगाची लागवड सुरू केली. परंतु या वनस्पतीस निर्यास देण्याजोगी होण्यास वर्षे लागतात.

हळदीच्या बाबतीत ‘जितकी पिवळी तितकी चांगली’ ही समजूत रुग्णाच्या मनातून काढावी. पिवळेपणा वाढविण्यासाठी लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी संयुग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत, आणि ते केवळ पुडीतच असते असेही नाही. हळकुंडास झिलई देतानाही ते लावले जाते. म्हणून हळकुंड आणून दळले की प्रश्न मिटला, असे समजू नये. झळझळीत पिवळे हळकुंड टाळावे. मातकट, फिके, मोडल्यावर आत नारिंगी दिसणारे घ्यावे. गुळाचेही तेच. कोल्हापुरी गूळ म्हणून पिवळाधमक गूळ मागणाऱ्यास काळपट गुळाकडे वळवावे, कारण ती कांती अनेकदा हायड्रॉस पावडरीची असते.

मिठाबाबत आपल्या वर्गातच गैरसमज आहे, तो स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. सैंधव लवणांत श्रेष्ठ. नेत्र्य व अविदाही म्हणून ग्रंथांनी त्याची प्रशंसा केली आहे, आणि अल्पकालीन पथ्यात ते योजण्यास कोणतीही हरकत नाही. परंतु सैंधवात सामान्यतः आयोडीन मिसळलेले नसते. थेट मानवी आहारासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास केंद्र शासनाने मे २००६ पासून पुन्हा बंदी घातली, ती गलगंडादी विकारांच्या अनुभवावरूनच. गर्भिणीस अथवा वाढत्या मुलास ‘आजन्म फक्त सैंधव’ असे लिहून देणे आम्हास योग्य वाटत नाही. तसेच रक्तदाबाचा रुग्ण ‘हे सैंधव आहे’ म्हणून मीठ सढळ हाताने घालतो. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, हे त्यास सांगणे आपले काम आहे. आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाच्या रुग्णास ते घातक ठरू शकते. औषधविक्रेत्यांनी ही एक गोष्ट तरी काउंटरवर विचारावी.

आता कृतीकडे वळू. घरात जाड बुडाचे एक पातेले, त्यावर बसणारे झाकण, एक कढले, एक पळी, गाळणी व एक ठरलेली वाटी असली की पुरे. त्या वाटीचे महत्त्व फार. ‘थोडे पाणी’, ‘अंदाजाने मीठ’ हे शब्द अनुभवी गृहिणीसाठी आहेत. नवख्यास अंदाज नसतो, म्हणूनच तर तो नवखा. सुदैवाने आपल्या शास्त्राने येथे अंदाजावर काही सोडलेले नाही. शार्ङ्गधरांनी मंड व पेया चौदापट पाण्यात, यवागू सहापट व विलेपी चौपट पाण्यात सांगितली आहे. पाव वाटी तांदळास साडेतीन वाट्या पाणी म्हणजे पेया, दीड वाटी पाणी म्हणजे यवागू, एक वाटी पाणी म्हणजे विलेपी. पेया गाळून शिते काढून टाकली की मंड. ग्रंथोक्त प्रमाण वजनाचे मानावे की मापाचे, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. वाटीने मोजल्यास पडणारा फरक रुग्णास बाधत नाही. मात्र ही प्रमाणे उघड्या पातेल्याची आहेत. कुकरमध्ये वाफ अडते, पाणी आटत नाही, आणि विलेपीचे पाणी घालून यवागू हाती येते. शिवाय चरकांनी लघु सांगितलेला ओदन हा धुतलेला, पेज काढून टाकलेला व गरम असा आहे; कुकरच्या भातात पेज काढण्यास वावच उरत नाही. पथ्याच्या काळात पातेलेच वापरावे, हा आग्रह आम्ही याच कारणास्तव धरतो.

मुगाच्या कढणाची कृती आम्ही अशी छापून देतो. पाव वाटी मूगडाळ तीन पाण्यांनी धुवावी व अर्धा तास भिजत घालावी. चार वाट्या पाणी उकळून त्यात डाळ घालावी, वर येणारा फेस पळीने काढून टाकावा आणि आच मंद करून डाळ बोटांत सहज चिरडेपर्यंत, साधारण अर्धा ते पाऊण तास शिजवावी. मग रवीने घुसळून गाळून घ्यावी. एवढ्यावर, मीठ व सुंठ न घालता, थांबले की ते अकृत यूष झाले. कृत यूषासाठी चवीस मीठ, चिमूटभर सुंठ व फोडणी घालावी. प्रधान शुद्धीनंतर प्रत्येक कल्पना तीन अन्नकाल द्यावयाची असता, अकृत व कृत यूष यांतील भेद रुग्णास ‘फोडणी नसलेले’ व ‘फोडणी दिलेले’ या शब्दांत सांगितला की तो चुकत नाही. संस्कृत संज्ञा आपल्या नोंदवहीत ठेवावी.

परंतु फोडणी म्हणजे काय, हेही सांगावे लागते! आमच्या एका रुग्णाने जिरे, हिंग, हळद व तूप सर्व एकदम थंड कढल्यात घालून गॅस पेटविला आणि हळद जळून कढण कडू झाले. क्रम असा लिहावा : प्रथम एक चमचा तूप तापवावे, त्यात एक जिऱ्याचा दाणा टाकून पाहावा, तो लगेच तडतडून वर आला की उरलेले पाव चमचा जिरे घालावे, जिरे तांबूस होताच, काळे होण्यापूर्वी, गॅस बंद करावा, मग हिंग, शेवटी हळद, आणि तत्काळ ती फोडणी कढणात ओतावी. ओतताना तोंड मागे ठेवावे. हे वाक्य अनावश्यक वाटेल. ज्यांनी पोळलेले हात पाहिले आहेत, त्यांना वाटणार नाही.

भाज्यांत दुधी, पडवळ, दोडका व लाल भोपळा एवढ्यांवर पहिला पंधरवडा काढता येतो. दुधी कोवळा असल्याची खूण म्हणजे साल नखाने सहज टोचली जाते. दुधी, दोडका व पडवळ यांचा कच्चा लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय भाजी चुलीवर चढवू नये. तो कडू लागला तर तो थुंकावा, चूळ भरावी आणि सबंध फळ टाकून द्यावे. कडू दुधीतील कुकुर्बिटॅसिन द्रव्यांमुळे तीव्र वमन, रक्तातिसार व मृत्यूही ओढवलेले आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये कडू दुधीचा रस मुळीच घेऊ नये असे स्पष्ट केले आहे. दुधीचा रस आपल्याच नावाने घरोघरी पोहोचला आहे. ‘कडू म्हणजे औषधी’ असे मानून घोट गिळणारा रुग्ण आपल्या पत्रिकेचा आधार सांगतो, तेव्हा हे वाक्य पत्रिकेत असलेच पाहिजे.

औषधविक्रेते बंधूंपैकी काही जण मूगडाळ, कणी, जिरे, सुंठ व सैंधव यांचे आठ दिवसांचे एकत्र पाकीट करून देऊ इच्छितात. कल्पना स्तुत्य आहे. रुग्णाची उडदाशी गाठ पडत नाही. मात्र औषधाचा परवाना अन्नपदार्थांस लागू पडत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी वा परवाना आवश्यक आहे, वेष्टणावर घटक व तारखा हव्यात, आणि ग्रंथोक्त कल्पना म्हणून काही विकावयाचे असल्यास २०२२ चे आयुर्वेद आहार विनियम आधी वाचून घ्यावेत. पाकिटावर रोगनिवारणाचा दावा छापण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात सुंठीस कीड व जिऱ्यास दमटपणा लवकर लागतो, म्हणून अशी पाकिटे महिन्याची एकदम बांधू नयेत.

राहता राहिली पोळी. संसर्जन संपताच रुग्ण प्रथम तिच्याविषयीच विचारतो. नवख्या हाताची पोळी जाड, कडांना कच्ची व मधे करपलेली होते. अशी पोळी नुकत्याच सावरलेल्या अग्नीवर लादण्यापेक्षा जवळच्या पोळीभाजी केंद्रातून दोन ताजे फुलके आणावेत व वरण-भाजी मात्र घरी करावी, असे आम्ही सांगतो. भाकरी थापणे त्याहून अवघड. ती शिकण्यास शेजारच्या आजींकडे दोन संध्याकाळी घालवाव्या लागतात. परवा एका साठी ओलांडलेल्या गृहस्थांनी तशा घालवल्या, आणि तिसऱ्या संध्याकाळी फुगलेली ज्वारीची भाकरी फडक्यात बांधून चिकित्सालयात दाखवावयास आणली.