लाल चेंडूपासून सुरुवात

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सुरतेतले आईबाप मुलांना कुठल्या तरी खेळाच्या क्लासला घालायच्या मागे लागतात. कामरेजच्या सोसायट्यांमध्ये राहणारी मराठी घरंही त्यात आली. टेनिसचं नक्की झालं की पहिली खरेदी रॅकेटची होते आणि चूकही तिथेच होते. ‘वाढत्या अंगाची घेऊ, चार वर्षं चालेल’ म्हणून सात वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्यांची २७ इंची रॅकेट दिली जाते. गणवेश वाढत्या अंगाचा चालतो, रॅकेट चालत नाही. त्या वयाला २१ किंवा फार तर २३ इंचांची लागते, नऊ-दहा वर्षांना २५ इंचांची. लांब रॅकेटचं टोक मनगटाला जड होतं आणि मूल हाताऐवजी अख्खं अंग फेकून फटका मारायला शिकतं. ही सवय पुढे मोडता मोडत नाही.

रॅकेटइतकाच चेंडूचा गैरसमज मोठा आहे. पिवळा चेंडू खरा आणि लाल-केशरी चेंडू म्हणजे खेळणी, असं पुष्कळांना वाटतं. मुलाला लाल चेंडू दिला तर क्लासवाले पोरखेळ करतात, अशी तक्रारही होते. वस्तुस्थिती अशी, की आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमधून पिवळा चेंडू नियमानेच काढून टाकला. लाल चेंडू पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो, केशरी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. कारण साधं आहे. पिवळा चेंडू टप्पा पडल्यावर चार फुटी मुलाच्या खांद्यावरून, कधी डोक्यावरून जातो. मग मूल मागे पळतं, पकड वेडीवाकडी करतं, नाही तर नुसतं थोपवत राहतं. लाल चेंडू कमरेच्या उंचीवर येतो. तिथे मुलाला फटक्याचा विचार करायला वेळ मिळतो आणि पहिल्याच आठवड्यात समोरच्याशी चार-सहा फटक्यांची देवघेव जमते. खेळाची गोडी लागते ती या देवघेवीमुळे.

‘आमच्याकडे कोर्टच नाही’ ही अडचणही याच चेंडूमुळे निम्मी होते. लाल चेंडूचं कोर्ट जेमतेम ११ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद असतं. टेनिसच्या मोठ्या कोर्टाची दुहेरीची रुंदी १०.९७ मीटर, म्हणजे ही छोटी कोर्टं त्यावर आडवी बसतात, चार चार. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असतं. सोसायटीत ते आखलेलं असेल आणि खाली कडक, सपाट जमीन असेल, तर ८० सेंटिमीटरवर जाळी किंवा नुसती दोरी बांधायची; पहिलं वर्ष-दोन वर्षं तेवढं पुरतं. टेनिस महाग आहे हे खरंच आहे. पुढच्या टप्प्यावर प्रवास, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा यांचा खर्च चढत जातो आणि तो लपवून कुणाचं भलं होत नाही. पण पहिली पायरी महाग नाही.

‘पाचव्या वर्षी फक्त टेनिस धरलं तरच काही होईल’ हे मला सगळ्यांत घातक वाटतं. रॉजर फेडरर लहानपणी फुटबॉलही खेळायचा आणि बारा वर्षांच्या आसपास टेनिसकडे पूर्ण वळला. यानिक सिनर शाळकरी वयात इटलीतला अव्वल स्कीपटू होता. टेनिस त्याने तेराव्या वर्षी पक्कं केलं. सुरतेचे हरमीत देसाई आणि मानव ठक्कर टेबल टेनिसमध्ये ऑलिंपिकपर्यंत पोचले, तेव्हा त्या खेळाचं टेबल या शहराला नवं नाही. मुलाने तेही खेळावं, पोहावं, धावावं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की आठवड्यातून एक-दोन दिवस खेळाला सुट्टी हवी आणि वर्षभरात एका खेळापासून दोन-तीन महिने तोडून तोडून विश्रांती हवी. तिथला आणखी एक ढोबळ आडाखा वापरायला सोपा आहे: मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्याचा सराव त्याहून अधिक तास नको. दहा वर्षांच्या मुलाला रोज तीन तास सराव लावणाऱ्या पालकांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

दुखापतीबद्दल बोलताना सगळे ‘टेनिस एल्बो’चं नाव घेतात. तो प्रामुख्याने तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांचा आजार आहे. वाढत्या वयात जपायचं ते टाच, गुडघा, खांदा आणि कंबर. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत हाडांच्या टोकांची वाढीची जागा कमकुवत असते. सर्व्हिस करताना पाठ वारंवार मागे वाकवली तर कमरेच्या मणक्याला बारीक तडाही जाऊ शकतो. दोन-तीन आठवडे कंबर दुखत असेल तर मालिश करत बसू नये, हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. आणि हो, टेनिसने उंची वाढते याला आधार नाही. खेळत्या हाताचं हाड मात्र खरोखर मजबूत होतं.

‘गुजरातेत राहून काय होणार, पुण्याला पाठवा’ असंही ऐकू येतं. टेनिसपटू अंकिता रैना पुण्यात प्रशिक्षक हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली हे खरं, पण ती मूळची अहमदाबादची आणि पहिले धडे तिने तिथेच गिरवले. पुण्याला ती किशोरवयात आली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचं कांस्यपदक मिळवलं. टेनिसपायी शिक्षण बुडतं, या भीतीलाही ऋतुजा भोसलेचं उदाहरण पुरे. श्रीरामपूरची ही मुलगी अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली, तिथल्या संघातून खेळली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली.

सुरतेपुरतं एक वेगळं सांगायला हवं. इथल्या एप्रिल-मे महिन्यांत उन्हाबरोबर दमटपणाही असतो, त्यामुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. खेळताना पाणी प्यायलं की पोटात दुखतं, म्हणून मुलांना तहानलेलं ठेवणं ही जुनी चूक अजून होते. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट प्यायला द्यावेत. सराव तासाहून लांबला तर मीठ-साखर-लिंबाचं सरबत द्यावं. क्लासची वेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरची मागून घ्यावी. मुलाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा ते बरळायला लागलं, तर सराव तिथेच थांबवून त्याला सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतावं आणि बरळणं थांबेपर्यंत वाट न बघता दवाखान्यात न्यावं.