नाद सुरू झाल्यावर हाती काय उरते?

इलेक्ट्रॉनिक वाद्यांची क्रमवारी लावायची म्हटले की बहुतेक जण आधी माहितीपत्रक उघडतात. एका वेळी किती स्वर वाजतात, किती आवाज साठवता येतात, खऱ्या वाद्याची नक्कल कितपत हुबेहूब होते, हे आकडे आणि दावे शेजारी शेजारी मांडले की निकाल लागला असे वाटते. या हिशेबात १९८३ साली आलेला यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९७० सालच्या मिनीमूगला सहज मागे टाकतो. मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजतो आणि त्यात कोणताही आवाज साठवून ठेवता येत नाही. डीएक्स-७ वर सोळा स्वर एकत्र वाजतात आणि बत्तीस आवाज तयार असतात. तरीही मूग कंपनीने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये जुना मिनीमूग जवळपास जसाच्या तसा बाजारात आणला, आणि घेणाऱ्यांनी तो घेतला. केवळ जुन्याच्या ओढीने हे झाले असे मला वाटत नाही. माहितीपत्रकात न मावणारी एक गोष्ट वाद्याची खरी योग्यता ठरवते: आवाज सुरू झाल्यानंतर त्याचे काय करायचे, यातले किती निर्णय वादकाच्या हाती उरतात. या एका कसोटीवर मी पाच प्रसिद्ध यंत्रे लावून पाहणार आहे: मिनीमूग, रोलँडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८, आकाईची एमपीसी-६० आणि हा डीएक्स-७.

ही कसोटी आपल्याकडच्या रसिकाला परकी वाटू नये. पेटीवरचा वाद याच मुद्द्यावर पेटला होता. सुरांच्या पट्ट्या ठरलेल्या, दोन सुरांमधली जागा रिकामी, मग मींड कुठून येणार, हा आक्षेप इतका जोरदार होता की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती उठायला १९७१ साल उजाडले. आक्षेप खोटा नव्हता, अपुरा होता. गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंतच्या वादकांनी त्याला भात्यावरच्या हाताने उत्तर दिले. पट्टी दाबल्यावर सूर बदलता येत नसेल, पण त्याचा श्वास बदलता येतो. तो फुलवता येतो, दबवता येतो, मध्येच हलकेच सोडून देता येतो. उजव्या हाताचा निर्णय पट्टीवर संपतो तिथे डाव्या हाताचा सुरू होतो. इलेक्ट्रॉनिक वाद्याकडे पाहताना मी हा डावा हातच शोधतो.

मिनीमूगमध्ये तो अक्षरशः डाव्या बाजूला आहे. कीबोर्डच्या डावीकडे दोन चाके आहेत. एक सुराला वर-खाली ओढते, दुसरे त्याच्यात कंप भरते. पुढच्या फळीवर तीन ऑसिलेटर, म्हणजे मूळ नाद निर्माण करणारी तीन मंडले, आणि त्यांच्यापुढे फिल्टर. हा फिल्टर नादातले वरचे, चकचकीत अंश कापतो. किती कापायचे ते एका नॉबवर ठरते आणि तो नॉब सूर चालू असताना फिरवता येतो. स्वर एकच असल्यामुळे उजवा हात सूर धरतो आणि डावा हात त्याचा रंग बदलायला मोकळा राहतो. ज्याला माहितीपत्रक उणीव म्हणते तीच इथे सोय ठरते. जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रामध्ये यान हॅमरने या चाकावर जे केले ते भारतीय कानाला चटकन ओळखीचे वाटते. सूर गाठण्याआधीचा प्रवास ऐकू येतो आणि गिटारच्या तारेची ओढ कीबोर्डवर उतरते.

यावर कोणी म्हणेल की हाती असलेले निर्णयच मोजायचे, तर मिनीमूगच्या आधीचे अवाढव्य मॉड्युलर यंत्र पहिले यायला हवे. त्यात प्रत्येक मंडल वेगळे असते आणि तारा जोडून हवी तशी रचना करता येते. असे एक मूग यंत्र १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले होते. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला आणि गीता साराभाईंसह काही जणांनी त्यावर ध्वनिफिती केल्या. प्रयोगासाठी असे यंत्र अप्रतिम. पण एक आवाज बदलून दुसरा घ्यायचा तर तारा उपसून पुन्हा खोचाव्या लागतात, आणि तेवढ्या वेळात गाणे पुढे निघून जाते. म्हणून निर्णयांची नुसती संख्या मोजून भागत नाही. ते वाजवताना, त्या क्षणी, हाताच्या टप्प्यात असावे लागतात. मिनीमूगच्या रचनाकारांनी बहुतेक तारा कायमच्या आत जोडून टाकल्या आणि मोजके नॉब बाहेर ठेवले. शक्यता कमी झाल्या, वाद्य मात्र तयार झाले. माझ्या यादीत ते पहिले आहे.

दुसऱ्या जागेसाठी मी टीबी-३०३ निवडतो आणि ही निवड अनेकांना खटकेल याची मला कल्पना आहे. तादाओ किकुमोतो यांनी रचलेले हे छोटे चंदेरी यंत्र १९८१ च्या अखेरीस जाहीर झाले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी हा त्याचा हेतू. त्यात ते सपशेल फसले. आवाज बेस गिटारसारखा नव्हता, आणि चाल भरायची पद्धत तर जाचकच: सुरांची उंची एका फेरीत भरायची, त्यांची लय दुसऱ्या फेरीत. सुमारे दहा हजार यंत्रे बनल्यावर १९८४ मध्ये उत्पादन थांबले आणि जुन्या मालाच्या दुकानांत ती स्वस्तात पडून राहिली. पण भरलेली चाल एकदा फिरू लागली की वरच्या ओळीतले नॉब तुमच्या ताब्यात असतात. फिल्टर किती उघडायचा, त्याच्या काठावर आवाज किती टोकदार करायचा, प्रत्येक सुराबरोबर तो किती उसळायचा, किती लवकर विरायचा, आघात किती ठासायचा. सूर तेच राहतात आणि आवाज दर आवर्तनात नवे वळण घेतो. शिकागोच्या फ्यूचर या त्रयीने १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या ध्वनिमुद्रिकेत जवळजवळ एवढेच केले, आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा अख्खा प्रकार उभा राहिला.

त्याच्या पाच वर्षे आधी मुंबईत या यंत्राचा वेगळाच उपयोग झाला होता. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची तीन यंत्रे, आणि त्यांवर भैरव, ललित, यमन, मालकंस असे राग. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून पुढच्यावर न तुटता घसरण्याची सोय आहे. ती रागाच्या चालीत किती सहज बसते हे त्यांच्या कानाने हेरले. २०१० मध्ये ही ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली तेव्हा अ‍ॅसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला अशी चर्चा रंगली. मला तो दावा महत्त्वाचा वाटत नाही. शिकागोच्या मुलांनी फिल्टरला नायक केले, चरणजित सिंगांनी घसरणाऱ्या सुराला. बनवणाऱ्या कंपनीच्या मनात यांपैकी काहीच नव्हते. एकाच स्वस्त यंत्रातून इतकी दूरदूरची दोन उत्तरे निघाली, हा त्या फळीवरच्या मूठभर नॉबांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे.

एमपीसी-६० तिसरी. रॉजर लिन यांनी आकाईसाठी रचलेली ही पेटी १९८८ ची. ती कुठलाही आवाज ध्वनिमुद्रित करून घेते आणि रबराच्या सोळा पॅडवर बसवते. बोटाने किती जोरात मारले ते पॅडला कळते, आणि ठोका मात्रेच्या नेमका कुठे पडला तेही टिपले जाते. यंत्राकडून मात्रा सरळ करून घ्यायची, थोडी झुलवायची की बोटाने पाडली तशीच ठेवायची, हे वादक ठरवतो. डेट्रॉइटच्या जे डिलाने याच घराण्यातल्या एमपीसी-३००० वर मात्रेच्या किंचित मागे-पुढे रेंगाळणारे ठेके रचले. त्याची ती पेटी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पॅडवरचा आवाज आतून बदलायला मात्र तिथे फारसा वाव नाही, म्हणून ती टीबी-३०३ च्या खाली. टीआर-८०८ चौथी. १९८० मध्ये ती आली तेव्हा तिची तुलना लिन यांच्याच एलएम-१ शी झाली. एलएम-१ मध्ये खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज होते आणि तिची किंमत सुमारे चौपट होती. ८०८ चे ड्रम ड्रमसारखे वाजतच नव्हते, कारण ते तिच्यातल्या मंडलांनी त्या क्षणी घडवलेले असत. पण म्हणूनच तिच्या बेस ड्रमची आस एका नॉबवर लांबवता येई, इतकी की ठोक्याचा खर्जातला सूर व्हावा. हिप-हॉपमध्ये पुढे खर्जाचे सगळे काम या आसेवर चालले. एलएम-१ मध्येही प्रत्येक ड्रमची पट्टी चढवता-उतरवता येत होती आणि प्रिन्सने त्याचा सुंदर उपयोग केला, हे मान्य करायलाच हवे. तरी ठोका किती रेंगाळावा, हे बहुतांशी ध्वनिमुद्रणानेच ठरवून टाकलेले असे.

या क्रमवारीवर एक आक्षेप असा की ८०८ आणि ३०३ गाजल्या त्या केवळ जुन्या बाजारात स्वस्त मिळाल्या म्हणून. स्वस्ताईमुळे ती यंत्रे गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या हाती पडली, हे खरे आहे. पण किंमत ती कोणाच्या हाती पडली एवढेच सांगते. हाती पडल्यावर त्यांतून काय निघाले ते नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रंगमंचावर गाण्यागणिक आवाज बदलावा लागतो, अशा वेळी स्मृती नसलेले यंत्र काय कामाचे? १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ ने चाळीस आवाज बटणावर आणून ठेवले आणि वादकांचा केवढा तरी त्रास वाचवला. मला ते पूर्ण मान्य आहे. पण प्रॉफेट-५ ने सगळे नॉब जागेवर ठेवले होते. साठवलेला आवाज बोलावला की तो लगेच हाताने वळवता येत होता. स्मृती आणि हात यांचे वैर नाही, हे तिथेच सिद्ध झाले होते.

आज संगणकावर ही सगळी यंत्रे मिळतात, काही तर फुकट, मग लोखंड कशाला जपायचे, असेही विचारले जाते. आवाजापुरते हे बरोबर आहे. चांगल्या नकलेतला फरक भल्याभल्यांना सांगता येणार नाही. प्रश्न माउसचा आहे. तो एका वेळी एकच नॉब फिरवतो आणि डोळे पडद्यावर बांधून ठेवतो. संगणकाला नॉबांची फळी जोडणाऱ्याला माझी कसोटी तेवढेच गुण देईल. आणि रियाजाच्या खोल्यांत मांडून ठेवलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा? बंगळुरूचे जी. राज नारायण यांच्या राडेल कंपनीच्या यंत्रावर एकदा सूर लावला की वाजताना काहीच करायचे नसते. माझ्या कसोटीवर ते शून्य गुण मिळवेल, आणि तो निकाल अन्यायाचा होईल. तानपुऱ्याचे काम अविचल राहण्याचे आहे. ही कसोटी वाजवायच्या वाद्यासाठी आहे, आधार देणाऱ्यासाठी नाही.

आता उरला डीएक्स-७. त्यातल्या पद्धतीचा शोध स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये लावला: एका साध्या लहरीने दुसरीला वेगाने हलवायचे की तिच्यातून घंटेसारखे, काचेसारखे गुंतागुंतीचे नाद निघतात. डीएक्स-७ मध्ये प्रत्येक स्वरासाठी अशा सहा लहरी आणि त्यांच्या बत्तीस जुळण्या आहेत. एवढा मोठा खजिना आणि त्याला हात लावायला चपटी बटणे, एक सरकपट्टी आणि दोन ओळींची चिमुकली खिडकी. आधी बदलायचा घटक निवडायचा, मग आकडा सरकवायचा, मग पुढचा घटक. ब्रायन ईनोसारख्या थोड्यांनी त्यात चिकाटीने घर केले. बाकीच्यांनी कंपनीने भरून दिलेले आवाज घेतले, आणि त्यातला इलेक्ट्रिक पियानो ऐंशीच्या दशकातल्या असंख्य मंद प्रेमगीतांत जसाच्या तसा ऐकू येतो. दोष पद्धतीचा नव्हता, फळीचा होता. २०२० मध्ये कॉर्गच्या ऑप्सिक्सने सहाही लहरींना स्वतःचे नॉब आणि सरकपट्ट्या दिल्या, आणि तेच गणित वाजवता वाजवता वळवता येऊ लागले.

तरी डीएक्स-७ ला पाचव्या जागेवर ठेवताना एक गोष्ट मला अडवते. मिनीमूगच्या पट्टीला बोटाचा जोर कळत नाही. डीएक्स-७ च्या पट्टीला कळतो. जोरात दाबली की नुसता आवाज वाढत नाही, नादाची घडणच बदलते, तो धातूसारखा धारदार होतो. पट्टी दाबलेली असताना आणखी दाब दिला तर त्याचाही परिणाम होतो. शिवाय त्याला ओठांत धरायचा फुंकेचा कंट्रोलर जोडता येतो. तो जोडला की चालू सुराचा भरणा आणि चमक श्वासावर येते, म्हणजे पेटीच्या भात्याचे काम वादकाची छाती करू लागते. तो वेगळा विकत घ्यावा लागे आणि बहुतेकांनी घेतला नाही, म्हणून डीएक्स-७ पाचवा. फुंकेच्या कंट्रोलरसह तो वाजवणाऱ्यासाठी मी त्याला ८०८ च्या वर, एमपीसीच्या बरोबरीने बसवीन.