साबण न लागलेल्या पाटल्या

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे वॉर्डात दागिने उतरवण्याचा एक ठरलेला प्रवेश असतो. सत्तरीच्या बायकांच्या पाटल्या लग्नापासून मनगटावरून हललेल्या नसतात. मग साबण, खोबरेल तेल, "आजी, अंगठा आत घ्या" आणि आजींचा आरडाओरडा. त्या दिवशी मात्र आमच्या मावशींनी दोन पाटल्या नुसत्या ओढल्या आणि त्या हातात आल्या. सुनेकडे देताना मावशी म्हणाल्या, "बाई वाळल्यात हो पार."

हे मला चार दिवसांनी कळलं. मी भूलतज्ज्ञ. त्या बाईंना 'फिट' शेरा मीच दिला होता.

बाई निवृत्त शिक्षिका, वय 69, डाव्या स्तनात गाठ. साखर नाही, बीपी नाही, ईसीजी स्वच्छ. लिस्टवर त्यांच्याखाली जुन्नरकडच्या 81 वर्षांच्या आजी, मधुमेह आणि बीपीच्या गोळ्यांसकट. सर्जन म्हणाले, "पहिली केस सोपी आहे. आजींचं तेवढं बघा."

पेशंटला ऑपरेशन कितपत झेपेल हे ठरवायला आम्ही तेव्हा पाच कलमांची यादी वापरायचो. आधी ती 11 कलमांची होती. अमेरिकेत 2018 साली छाटून पाचावर आणली. मधुमेह, गोळ्या चालू असलेला रक्तदाब, फुप्फुसाचा जुनाट आजार, हृदय कमकुवत होणं आणि रोजच्या कामांत परावलंबन. दोन खुणा झाल्या की पेशंट 'फ्रेल'. (या शब्दाला मराठीत 'जराजर्जर' म्हणावं तर कीर्तनात बसल्यासारखं वाटतं, मावशींचं 'वाळलेली' बरं.) ही यादी केसपेपरवरून भरता येते, पेशंटकडे बघावं लागत नाही. हजारोंचा हिशेब मांडताना हीच सोय, आणि समोरच्या एका बाईच्या बाबतीत हाच घोटाळा. आजींना दोन गुण मिळाले, बाईंना शून्य.

तिसऱ्या दिवशी आजी ड्रेनची बाटली पिशवीत घालून व्हरांड्यात फिरत होत्या, शेजारच्या खाटेवरच्या मुलीला "चहा कमी पी" म्हणून दटावत. बाईंना मात्र दुसऱ्या रात्री भ्रम झाला. शाळेची घंटा झाली म्हणून त्या पोरांना रांगेत उभं करत होत्या. सलाईन उपसून टाकली. मग जखमेची कड उसवली, काखेत पाणी साठलं आणि पुढचे उपचार लांबले. स्तनाची शस्त्रक्रिया पोटाच्या मानाने हलकी, म्हणून आम्ही गाफील राहिलो.

मुलानं मला सांगितलं होतं, "आई घरचं सगळं करते." सूनबाईंना आता विचारलं, तर वर्षभरात बाई जिना उतरल्या नव्हत्या. ब्लाउजना दोनदा आतून टीप मारून घेतली होती.

वार्धक्यतज्ज्ञ लिंडा फ्राइड यांनी 2001 साली ज्या पाच गोष्टी मांडल्या, त्या नेमक्या याच जातीच्या: वर्षभरात आपोआप साडेचार किलोंहून जास्त वजन घटणं, सततचा थकवा, ढिली मूठ, मंद चाल, कमी हालचाल. तीन जुळल्या की फ्रेल.

आता ओपीडीबाहेर वॉर्डातल्या मामांनी फरशीवर 15 फुटांची निळी पट्टी चिकटवली आहे. तेवढं अंतर चालायला सहा-सात सेकंदांहून जास्त लागले की मी पेन खाली ठेवतो. "गाठ छातीत आणि चालायला काय लावताय?" असं मुलं कुरकुरतात. मूठ मोजायच्या यंत्राला एका आजींनी "ही कसली सांडशी?" विचारलं आणि असं दाबलं, की काटा माझ्यापेक्षा पुढे गेला.

मंद चालणारीला आम्ही घरी पाठवून देत नाही. जमेल तिथे दोन-तीन आठवडे अंडी, डाळी, चालणं, श्वासाचे व्यायाम. गाठ हार्मोनला दाद देणारी असेल आणि शरीर अगदीच थकलेलं असेल, तर लेट्रोझोलच्या गोळ्यांवरही बराच काळ निभावतं. हे समजावणं सगळ्यात अवघड. "म्हणजे आईला सोडून दिलंत?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय, आणि दर वेळी उत्तर देताना अडखळतो.

पाटल्यांसाठी फॉर्मवर रकाना नाही. पण मावशी हल्ली पेशंट दाखल होतानाच मनगटाला हात लावून बघतात आणि जाता जाता मला सांगतात, "सैल आहेत" किंवा "घट्ट आहेत." गेल्या आठवड्यात एका आजींना अर्धी वडी साबण लागला. लिस्ट वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. मी कुणालाच काही बोललो नाही.