म्हैसूरजवळ तंबू टाकताय? आधी फणसाचं झाड बघा

म्हैसूरला राहायला आल्यापासून पुण्याच्या, बेळगावच्या, इंदूरच्या ओळखीच्यांचा एक प्रश्न मला दरवर्षी येतो. "दसऱ्याला येतोय. मिरवणूक बघून झाली की दोन रात्री जंगलात तंबू टाकायचाय. कुठे जाऊ?"

जंगलात म्हणजे खरोखर जंगलात, तर कुठेच नाही. बंडीपूर आणि नागरहोळे हे व्याघ्र प्रकल्प आहेत. तिथे आपला तंबू पाठीवर नेऊन हवा तिथे ठोकता येत नाही. दोनच मार्ग उरतात. एक, बिळिगिरीरंगन डोंगरातल्या के. गुडीसारखे सरकारी 'जंगल लॉजेस'चे कॅम्प, जिथे तंबू आधीच उभे असतात. दुसरा, जंगलाच्या कडेला असलेली खासगी शेतं आणि कॉफीचे मळे. दुसऱ्या मार्गाने जाणार असाल तर पैसे भरण्याआधी परवाना आहे का, रात्री राखणदार असतो का आणि संडास किती पावलांवर आहे, हे तिन्ही विचारा. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर दुसरी जागा शोधा. आणखी एक: बंडीपूरमधून जाणारा रस्ता 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो. "उशिरा पोचू, काय बिघडतं" हा हिशेब इथे चालत नाही.

आता पाऊस. आपल्याकडे दसरा आला की छत्र्या माळ्यावर जातात. म्हैसूरला तसं नाही. इथे मे आणि ऑक्टोबर हे चांगल्या पावसाचे महिने. दुपारपर्यंत लख्ख ऊन, चारनंतर ढग आणि संध्याकाळी विजांसकट सर. म्हणून तंबूचं वरचं आच्छादन आकाश निरभ्र असलं तरी आधीच चढवून ठेवा. खाली ताडपत्री अंथरलीत तर तिच्या कडा तंबूच्या तळाच्या आत दुमडा. बाहेर राहिल्या, तर पाणी त्यांवर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं. माळावरच्या एकट्या झाडाखाली तंबू नको, वाळक्या फांदीखाली तर मुळीच नको. कावेरीकाठची वाळू दिसायला सुंदर असते, पण नदीत मगरी आहेत आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता चढतं. मुक्काम काठापासून लांब, उंचावर करा.

झाडाचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती सांगतो. हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या एका शेतावर मे महिन्यात आम्ही दोन कुटुंबं गेलो होतो. जंगलाची हद्द दिसेल इतकी जवळ. मी सावली बघून एका डेरेदार फणसाखाली तंबू उभा केला, खुंट्यासुद्धा ठोकून झाल्या. तिथले म्हातारे राखणदार आले, वर बघितलं आणि हाताने "तिकडे, तिकडे" करत राहिले. त्यांचं कन्नड मला पुरतं कळेना आणि खरं सांगायचं तर रागही आला. सगळं उपटून पुन्हा ठोकायचं! बायको म्हणाली, "अहो, ते इथलेच आहेत, ऐका ना." घराला लागून, दिव्याच्या उजेडात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी आम्ही झोपलो. रात्री अडीचच्या सुमाराला फांद्या मोडल्याचा आवाज आला. राखणदारांनी सगळ्यांना घरात घेतलं आणि दार लावलं. सकाळी फणसाखाली साली, गरे आणि लेंड्यांचे ढीग पडले होते. माझ्या आधीच्या खुंट्यांची भोकं त्यांच्या मधोमध होती.

हत्तीला पिकल्या फणसाचा वास लांबून येतो. तसंच ऊस, केळी, बांबूचं बेट आणि नाचणीचं उभं पीक. नाचणी तयार होते तेव्हा इथले शेतकरी रात्र-रात्र मचाणावर जागतात. तंबूची जागा निवडताना आधी ही झाडं-पिकं बघा आणि मग तिथल्या माणसाला दोन प्रश्न विचारा. "इल्ली टेंट हाकबहुदा?" म्हणजे इथे तंबू टाकता येईल का. आणि "आने बरुत्ता?" म्हणजे हत्ती येतो का. दुसऱ्याचं उत्तर मान हलवून मिळतं, भाषा लागत नाही. हा भित्रेपणा समजू नका. इथून जवळच, वायनाडमध्ये मेप्पाडीजवळ, जानेवारी 2021 मध्ये तंबूत मुक्कामाला आलेल्या एका पर्यटक महिलेचा हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला.

हे डोक्यात ठेवलं की कॅम्पवरचे बाकीचे नियम शिक्षकी वाटत नाहीत. आपण मराठी माणसं प्रवासाला निघालो की पिशवीत चिवडा, लाडू, गुळाच्या पोळ्या असतातच. तंबूत त्यातलं काही ठेवायचं नाही. केळंही नाही. वानरं दिवसा चेन उघडतात, रानडुकरं रात्री कापड फाडतात. सगळं खाणं झाकणाच्या डब्यात, स्वयंपाकघरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत. खरकटं झुडपात फेकणं म्हणजे पुढच्या मुक्कामाला येणाऱ्याच्या दारात प्राणी बोलावणं. भांडी ओढ्यात घासू नका. पाणी बादलीत घ्या आणि ओढ्यापासून निदान 60 मीटरवर ओता. संडास नसेल तर तेवढ्याच अंतरावर वीतभर खोल खड्डा करून नीट बुजवा. ओले टिश्यू मात्र पिशवीत घालून परत न्यायचे, ते कुजत नाहीत.

गाण्यांबद्दल माझं मत कडक आहे. स्पीकर घरी ठेवा. शेजारच्या तंबूत लहान मूल झोपलेलं असतं हे एक, आणि फांदी मोडल्याचा आवाज आपल्याला ऐकू यायला हवा हे दुसरं. डोक्याला बांधायची बॅटरी लोकांच्या तोंडावर मारू नका, जमिनीकडे ठेवा. दोन तंबूंच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. अंधारात दोऱ्यांना अडखळून पडणारे मी पुष्कळ पाहिलेत. रात्री संडासला जायचं तर राखणदाराला हाक मारून, दोघांनी.

शेकोटी मालक सांगेल त्याच जागी, त्याने दिलेल्या लाकडावर. जंगलातली काटकी उचलायची नाही. जानेवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत तर शेकोटीचा हट्टच नको. घाणेरीची झुडपं तेव्हा कागदासारखी वाळलेली असतात. फेब्रुवारी 2019 मध्ये बंडीपूरचं केवढं तरी जंगल जळालं. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च 2018 मध्ये, तामिळनाडूत कुरंगणीच्या वणव्यात ट्रेकला गेलेल्या वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. विझवताना पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता आणि तळहाताला गरम लागेनाशी होईपर्यंत थांबा. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेऊ नका. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

गोचिडींचंही सांगायला हवं. माकडताप हा आजार 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला. पुढे तो बंडीपूरच्या बाजूला, गोव्यात सत्तरीत आणि आपल्या दोडामार्गातही आढळला. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, पाल्यावर बसू नका, संध्याकाळी मुलांच्या मानेमागे आणि काखेत बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परतल्यावर आठवड्याभरात ताप आला, तर डॉक्टरांना जंगलात राहून आलोय हे आवर्जून सांगा.

निघायच्या दिवशी तंबू ओलाच गुंडाळावा लागतो, दवामुळे. घरी पोचल्यावर त्याच दिवशी गच्चीत पसरा, नाहीतर बुरशी धरते. आणि खुंट्या मोजून घ्या. माझ्या त्या फणसाखालच्या आठांपैकी सातच सापडल्या होत्या.