बातमीखालचे नाव

वर्तमानपत्राच्या पानावर तळाशी, बारीक टाइपात एक ओळ असते: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, छापले कोठे. ती सहसा कोणी वाचत नाही. मुद्रक-प्रकाशकांची नावे छापणे १८६७ च्या कायद्याने सक्तीचे झाले. त्या कायद्याची जागा २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली, तरी ओळ टिकून आहे. इंग्रज सरकारला छापखान्यांवर नजर ठेवावयाची होती, हे उघड आहे. पण वाचकाचाही त्यात लाभ झाला. मजकूर खोटा निघाला तर जाब कोणाला विचारावा, हे त्याला ठाऊक असे.

व्हॉट्सॲपने नेमकी हीच ओळ पुसली. निरोप पुढे धाडला की मूळ लिहिणाराचे नाव गळते आणि धाडणाराचे तेवढे दिसते. त्यामुळे आपण बातमी पारखीत नाही, माणूस पारखतो. मामांनी पाठविले, मग खोटे कसे असेल? मामांना ते कोणी पाठविले, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

याचे फळ २०१८ साली दिसले. कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी एक छोटी चित्रफीत तयार झाली होती. तीत मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात, आणि लगेच परत आणून सोडतात. पालकांना सावध करणे हा हेतू. कोणीतरी शेवट कापला आणि राहिलेला तुकडा ‘मुले पळविणारी टोळी’ म्हणून भारतभर फिरला. असल्या अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार केले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारे लोक होते. त्याच महिन्यात बीदर जिल्ह्यात हैदराबादहून आलेल्या मित्रांपैकी एकाने वाटेतल्या मुलांना चॉकलेटे दिली, एवढ्यावरून संशय उठला. ते मोटारीने निघाले. निरोप मोटारीच्या आधी मुरकी गावी पोहोचला. तेथे त्यांतील एक तरुण प्राणास मुकला.

त्यानंतर त्या जुलैतच कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच धाडता येईल अशी मर्यादा घातली. पुष्कळ हातांतून आलेल्या निरोपावर आता दुहेरी बाण दिसतो, आणि एप्रिल २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो. निरोपातील मजकूर मात्र कंपनीला वाचता येत नाही. तेव्हा खरेखोटे तिने पाहावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

या साधनाने केवळ हानीच केली असे मुळीच नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा रस्त्यावरील सामान्य माणसांनी ट्विटरवर घडीघडीची हकीकत दिली. बातमी आणण्याचा मक्ता वृत्तपत्राकडे राहिला नाही. आलेली बातमी तपासणे हे त्याचे मोठे काम होऊन बसले आहे. वृत्तसंस्थांत त्यासाठी वेगळी माणसे बसतात.

घरोघरी अशी माणसे नाहीत. म्हणून वर्गातील मुलांना मी एक साधा उद्योग देतो: आलेल्या निरोपामागे उलटे चालत जा. ‘तुम्हांस हे कोणी पाठविले?’ एवढेच विचारावयाचे. बहुधा दोन-तीन घरांतच वाट संपते, आणि शेवटचा गृहस्थ म्हणतो, ‘कुठल्याशा गटात आले होते.’