निसर्गकवीचा चरितार्थ

श्रावण लागला की पातूरच्या डोंगरांची कळा पालटते. अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता जेथे घाटाला लागतो, तेथली उन्हाळाभर करपलेली टेकाडे हिरवी होतात. बालकवींची ‘श्रावणमास’ ही कविता शाळेत पाठ केलेल्या कोणालाही अशा वेळी तिचे स्मरण व्हावे. शेतकरी मात्र त्याच आभाळाकडे कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या हिशेबाने पाहत असतो. यावरून निसर्गकविता हा पोट भरलेल्यांचा छंद होय, असा निष्कर्ष सुशिक्षितही सहज काढतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे ऊर्फ बालकवी यांचे चरित्र या निष्कर्षाला दुजोरा देत नाही.

१३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगाव येथे त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात होते. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत राहिल्या आणि शिक्षण तुटक झाले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. पदवी मिळाली, पण पदवीने चूल पेटत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी नेले आणि लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखे सांभाळले. पुढे मिशनच्या शाळेत त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. ‘फुलराणी’ आणि ‘निर्झरास’ लिहिणाऱ्या या कवीचा एकही संग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. ‘पारवा’सारख्या कवितेतील विषण्णता वाचली म्हणजे त्यांच्या आनंदाला सुखवस्तूपणाचे पाठबळ नव्हते, हे उमगते.

याच्या शेजारी इंग्लंडचे एक उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. जेम्स थॉमसन (१७०० ते १७४८) हा स्कॉटलंडमधील एका धर्मोपदेशकाचा मुलगा. वर्ड्‌स्वर्थच्या दोन पिढ्या आधी त्याने निसर्ग हाच काव्याचा मुख्य विषय केला. १७२६ साली त्याचे ‘विंटर’ प्रसिद्ध झाले आणि १७३० मध्ये चारही ऋतूंचे ‘द सीझन्स’ पूर्ण झाले. लंडनला तो आला तेव्हा शिकवणी करूनच पोट भरीत होता. परंतु पुढे युवराजाकडून त्याला वर्षाला शंभर पौंडांचे वेतन मिळाले. वेस्ट इंडीजमधील बेटांच्या सर्वेक्षणाचे एक सरकारी पदही मिळाले, ज्याचे काम दुय्यम माणसाकडून करून घेता येई. दरबाराच्या कृपेवर मिळालेले हे स्वास्थ्य होते.

खरा बोध त्याच्या मृत्यूनंतरच्या इतिहासात आहे. ‘द सीझन्स’चे हक्क कोणाचे, यावर पुस्तकविक्रेत्यांत दावे चालले. १७६९ च्या निकालाने प्रकाशकाचा हक्क कायमचा ठरला. १७७४ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो मोडून काढला आणि मुदत संपलेले पुस्तक कोणालाही छापण्यास मोकळे झाले. कॉपीराइटच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जाणारा हा वाद एका निसर्गकाव्यावरून झाला. तेव्हा कवीला जाऊन सव्वीस वर्षे लोटली होती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही. कविता हजारांनी वाचली तरी तसूभर कमी होत नाही. म्हणूनच तिची किंमत बाजारात उभी राहत नाही, आणि राहिली तर बहुधा कर्त्याच्या पश्चात. थॉमसनला दरबार होता, बालकवींना टिळकांचे घर होते. आज दरबार गेले, आणि परक्या मुलाला वर्षानुवर्षे घरात ठेवून घेणारी कुटुंबेही विरळ झाली. त्यांची जागा घेऊ शकेल अशी एकच व्यवस्था समाजाने उभी केली आहे: सार्वजनिक ग्रंथालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात तिला सरकारी आधारही दिला. तालुक्याच्या ग्रंथालयाने दरवर्षी थोडे कवितासंग्रह किंमत देऊन घ्यावेत आणि वाचनासाठी बोलावलेल्या कवीच्या हाती शालीबरोबर मानधनाचे पाकीटही ठेवावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

पातूरच्या परिसरातील एखादा मुलगा आज वहीच्या मागच्या पानावर कविता लिहीत असेल आणि पुढच्या पानावर स्पर्धा परीक्षेची टिपणे काढीत असेल. मागचे पान त्याने फाडून टाकू नये असे वाटत असेल, तर कौतुकाच्या टाळ्या पुरणार नाहीत. जळगावच्या संमेलनात टाळ्या वाजल्याच होत्या. त्या मुलाला जगवले ते टिळकांच्या घरच्या ताटाने.